पोटातली चौदा इंजेक्शनं आणि मल्टिपल स्क्लेरॉसिसचं कोडं

कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शनं, ही धास्ती आज चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांनी लहानपणी अनुभवली आहे. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये कसौलीला ती तयार केली, आणि आपल्याकडे ती इतकी रुळली की उत्पादन थांबायला २००४ चा डिसेंबर उजाडावा लागला. या लसीने असंख्य जीव वाचवले. पण ती घेणाऱ्यांपैकी मोजक्या लोकांना काही दिवसांनी भलताच त्रास सुरू व्हायचा. पाय लुळे पडायचे, लघवी अडकायची, कधी मेंदूला सूज यायची. रेबीजशी त्याचा संबंध नव्हता. लसीबरोबर मेंढीच्या मेंदूचे कण शरीरात जात, प्रतिकारशक्ती त्यांच्याविरुद्ध तयार होई, आणि तसलीच प्रथिनं स्वतःच्या मज्जासंस्थेत आढळली की तिथेही तुटून पडे. (आजची रेबीजची लस प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींपासून बनते, तिच्यात मेंदूचा अंश नसतो. कुत्रा चावला तर ती बिनदिक्कत आणि वेळेवर घ्यावी.)

हे असं का होतं, याचा शोध घेताना १९३३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टॉमस रिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांना निरोगी सशाच्या मेंदूचा अर्क पुन्हापुन्हा टोचला. त्यात कुठलाही जंतू नव्हता. तरी काही माकडांचे हातपाय गेले. मेंदू तपासला तेव्हा मज्जातंतूंवरचं आवरण जागोजागी नाहीसं झालेलं दिसलं. बाहेरचा शत्रू नसतानाही प्रतिकारशक्ती एकटी मज्जासंस्थेचं एवढं नुकसान करू शकते, याचा तो पहिला ठोस पुरावा. मल्टिपल स्क्लेरॉसिस या आजारातही प्रतिकारशक्ती हेच आवरण पोखरते. रुग्णांच्या आणि डॉक्टरांच्या रोजच्या बोलण्यातला हा एमएस आज आपल्याला जेवढा समजला आहे त्याची सुरुवात इथून झाली. पॅरिसमध्ये शार्को यांनी या आजाराचं नेमकं वर्णन १८६८ मध्येच केलं होतं. मेंदूतले डाग त्यांनी पाहिले होते, पण ते पाडतं कोण, हे कळायला आणखी खूप काळ गेला.

मज्जातंतूच्या लांब धाग्याभोवती चरबी आणि प्रथिनांचं आवरण थरावर थर गुंडाळलेलं असतं. हे मायलिन. मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याची नस यांच्यात ते ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी तयार करतात. आवरण सलग नसतं. मध्येमध्ये उघड्या फटी असतात आणि संदेश एका फटीवरून पुढच्या फटीवर उड्या मारत जातो. म्हणून जाड, मायलिनवाल्या तंतूंत तो सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास धावू शकतो. मुळात मायलिन नसलेल्या बारीक तंतूंत तो सेकंदाला एखाद-दोन मीटरच सरकतो. चांगल्या तंतूवरचं मायलिन अचानक गेलं, तर तिथे संदेश रेंगाळतो किंवा थांबतोच.

हिंजवडीत नोकरी करणारी पंचविशी-तिशीतली एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. डोळा हलवला की आतून दुखतं. दोन दिवसांत त्या डोळ्याने धूसर दिसायला लागतं. पाण्याच्या बाटलीचं लाल झाकण एका डोळ्याने बघितलं तर लालबुंद, दुसऱ्याने बघितलं तर विटकं गुलाबी. आई म्हणते, ‘अगं, स्क्रीनकडे बघून बघून डोळे शिणलेत, जरा झोप.’ तीन-चार आठवड्यांत दिसणं बरंचसं सुधारतं आणि विषय मागे पडतो. वर्षभराने एका पायाला मुंग्या येतात, त्या कमरेपर्यंत चढतात, मान खाली घातली की पाठीतून वीज गेल्यासारखं वाटतं. यातली एकेक गोष्ट सुटी बघितली तर चष्मा, मणका, बी-१२, ताण असं काहीही वाटू शकतं. वेगवेगळ्या वेळी, मज्जासंस्थेच्या वेगवेगळ्या जागी घडलेल्या या गोष्टी एकत्र मांडल्या की एमएसची शंका येते. हा आजार बायकांना पुरुषांपेक्षा दुपटी-तिपटीने जास्त होतो, आणि बहुधा वीस ते चाळीस या वयात.

उन्हाळ्याबद्दल इथेच सांगायला हवं, कारण पुण्यातले रुग्ण दर एप्रिलमध्ये यामुळे घाबरतात. मायलिन गेलेल्या तंतूतून संदेश कसाबसा जात असतो, आणि शरीर थोडं तापलं तरी तो अडखळतो. दुपारी लक्ष्मी रोडवर खरेदीला गेल्यावर नजर अंधूक होते, पाय ओढल्यासारखे पडतात. घरी येऊन पंख्याखाली बसलं, गार पाण्याने तोंड-हात धुतले की तासाभरात ते उतरतं. विल्हेम उथॉफ यांनी १८९० मध्ये याची नोंद केली होती. यात नवं नुकसान होत नाही. खरा रिलॅप्स, म्हणजे आजाराचा नवा झटका, चोवीस तासांहून जास्त टिकतो आणि तो ताप किंवा जंतुसंसर्ग नसताना येतो. हा फरक माहीत असला की विनाकारण स्टेरॉइड घेणं टळतं.

आता मूळ प्रश्न. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच मायलिनवर का उलटते?

टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी, छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होऊन बाहेर पडतात. स्वतःच्या शरीरावर उलटू शकतील अशा टी पेशी तिथेच मारल्या जातात, पण काही निसटतात. हे प्रत्येकाच्या बाबतीत होतं. धडधाकट माणसाच्या रक्तातही मायलिन ओळखणाऱ्या टी पेशी सापडतात. त्यांना आवर घालायला शरीरात दुसऱ्या, नियामक टी पेशी असतात. या नियामक पेशींच्या शोधाला २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे घातक पेशी असणं ही विशेष गोष्ट नाही. कुणीतरी त्यांना जागं करतं आणि आवर घालणाऱ्या कमी पडतात, तेव्हा आजार सुरू होतो.

त्यांना जागं कोण करतं? थोडा वाटा जनुकांचा. एचएलए-डीआरबी१ या जनुकाचा १५:०१ हा प्रकार असेल तर धोका साधारण तिप्पट होतो. पण जनुकंच सगळं ठरवत असती तर एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला एमएस झाल्यावर दुसऱ्यालाही तो हमखास झाला असता. प्रत्यक्षात साधारण चौघांपैकी एकालाच होतो. लग्न ठरवताना घरचे विचारतात, मुलांना होईल का? आईवडिलांपैकी एकाला एमएस असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण दोन-तीन टक्के असते. तेवढ्यासाठी कुणी स्थळ नाकारावं किंवा मूल होऊ देऊ नये, असं मला मुळीच वाटत नाही.

धूम्रपान, किशोरवयातला लठ्ठपणा आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही धोका वाढतो. पण सगळ्यात मोठा दुवा एका विषाणूचा निघाला. हार्वर्डच्या अल्बर्टो अॅशेरियो यांच्या गटाने २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक जणांच्या वीस वर्षांच्या नोंदी आणि साठवलेलं रक्त तपासलं. ज्यांना पुढे एमएस झाला अशा ८०१ जणांचे नमुने मिळाले. त्यांतल्या फक्त एकाला आजाराआधी एप्स्टीन-बार विषाणूचा संसर्ग झालेला दिसला नाही. संसर्गानंतर एमएसचा धोका ३२ पट वाढला होता. तसाच पसरणारा सायटोमेगॅलोव्हायरस तपासला, तर त्याने धोका वाढलेला नव्हता. त्याच महिन्यात स्टॅनफर्डच्या गटाने दाखवलं की या विषाणूचं ईबीएनए१ हे प्रथिन आणि मज्जासंस्थेतलं ग्लियलकॅम हे प्रथिन यांचे काही तुकडे इतके सारखे आहेत की काही रुग्णांची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) दोघांनाही चिकटतात. मेंढीच्या मेंदूच्या लसीत जे झालं, त्याच्याशी याचं नातं उघड आहे. परक्यावर धरलेला नेम घरच्याला लागतो.

हा विषाणू मात्र जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात असतो, आणि एमएस फार थोड्यांना होतो. आपल्याकडे तर बहुतेकांना तो अगदी लहानपणी, कळणारही नाही असा होऊन जातो. पंधरा-वीस वर्षांच्या वयात तो होऊन जोराचा ताप आणि गळ्याच्या गाठी आल्या तर एमएसचा धोका वाढतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. भारतात एमएस युरोपच्या मानाने कमी का, याचं एक कारण इथे असू शकतं. पण भारतातही सगळे सारखे नाहीत. मुंबईच्या पारशी समाजात हा आजार इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो, हे डॉ. नोशिर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९० मध्ये दाखवून दिलं.

यापुढचं बरंचसं ज्ञान औषधांनी दिलं, आणि चुकलेल्या औषधांनीही. गॅमा इंटरफेरॉन हा प्रतिकारशक्तीचा संदेशवाहक रेणू देऊन बघितला तर रुग्णांचे रिलॅप्स वाढले. हा निकाल १९८७ चा. मग बीटा इंटरफेरॉनने मात्र ते कमी झाले, आणि १९९३ मध्ये एमएसला आळा घालणारं पहिलं औषध बाजारात आलं. संधिवातात टीएनएफ हा दाहक रेणू अडवला की आराम पडतो. एमएसमध्ये तो अडवून बघितला, तर आजार बळावला. सांधेदुखीवरची अशी इंजेक्शनं घेणाऱ्याने म्हणूनच घरात कुणाला एमएस असल्यास डॉक्टरांना आधी सांगावं.

नॅटालिझुमॅबने आणखी स्पष्ट उत्तर दिलं. रक्तातून मेंदूत शिरताना टी पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला एका विशिष्ट रेणूने धरतात. हे औषध ती पकडच सोडवतं. पेशी आत जाऊ शकल्या नाहीत आणि रिलॅप्स झपाट्याने कमी झाले. हल्लेखोर बाहेरून येतात, हे त्यातून सिद्ध झालं. पण मेंदूवरचा रोजचा पहाराही त्याने थांबला, आणि काही जणांत एरवी सुप्त असणारा जेसी विषाणू मेंदूत उसळला. २००४ मध्ये मंजूर झालेलं औषध तीन-चार महिन्यांत मागे घ्यावं लागलं. २००६ मध्ये ते कडक देखरेखीसह परत आलं.

खरा धक्का रिटुक्सिमॅबने दिला. तोवर सगळ्यांचं लक्ष टी पेशींवर होतं. हे औषध बी पेशी काढून टाकतं. २००८ मध्ये १०४ रुग्णांवरच्या चाचणीत एमआरआयवर चमकणारे ताजे डाग त्याने ९१ टक्क्यांनी घटवले. बी पेशींपासून प्रतिपिंडं बनतात, तेव्हा प्रतिपिंडं थांबली म्हणून आजार थांबला असेल? तसं नव्हतं. प्रत्यक्ष प्रतिपिंडं बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर या औषधाचं लक्ष्य, म्हणजे सीडी२० हा रेणूच नसतो. प्रतिपिंडं जवळपास तेवढीच राहिली आणि तरी काही आठवड्यांत गुण आला. यातून कळलं की बी पेशींचं मोठं काम वेगळं आहे. त्या मायलिनसारख्या प्रथिनांचे तुकडे टी पेशींपुढे धरतात आणि त्यांना चिथावतात. अॅटासिसेप्ट या दुसऱ्या औषधाने प्लाझ्मा पेशी आणि काही बी पेशी घटवल्या, तेव्हा रिलॅप्स उलट वाढले. काही बी पेशी आग लावणाऱ्या असतात, तर काही शांत करणाऱ्या. कोणत्या काढायच्या, यावर सगळं अवलंबून.

या रस्त्याने ऑक्रेलिझुमॅब, ओफॅटुमुमॅब ही औषधं आली. रिलॅप्स येणाऱ्या एमएसमध्ये त्यांचा गुण उत्तम आहे. वीस वर्षांपूर्वी निदान झालेल्यांचं आयुष्य आणि आज निदान होणाऱ्यांचं आयुष्य यांत त्यामुळे खरोखर अंतर पडलं आहे, आणि निदानाने हादरलेल्या घराला मी सगळ्यात आधी हेच सांगेन.

तरी एक गोष्ट या औषधांना जमत नाही. काही रुग्णांना वर्षानुवर्षं एकही रिलॅप्स येत नाही, एमआरआयवर नवा डाग नसतो, आणि तरी चालणं दरवर्षी थोडं खालावतं. कारण रक्तातून येणारा हल्ला ही आजाराची एकच बाजू आहे. जुन्या डागांच्या कडेला मायक्रोग्लिया नावाच्या, मेंदूतच राहणाऱ्या पेशी जाग्या राहतात. राखेखालच्या निखाऱ्यासारखा हा दाह धुमसत असतो आणि डाग कडेकडेने हळूहळू पसरतो. खास पद्धतीने काढलेल्या एमआरआयवर अशा डागांभोवती लोहाची काळी कड दिसते. मेंदूभोवतीच्या पडद्यांतही बी पेशींची वसाहत तयार झालेली असते. रक्तातल्या गोष्टींना मेंदूत सहज शिरू न देणाऱ्या रक्त-मेंदू अडसराच्या अलीकडे काम करणारी औषधं तिथवर पोचत नाहीत. नॅटालिझुमॅब नंतरच्या टप्प्यातल्या, हळूहळू खालावणाऱ्या रुग्णांना दिलं तेव्हा मुख्य कसोटीवर ते उतरलं नाही, यामागचं कारण हेच असावं.

म्हणून सध्या सगळ्यांचं लक्ष बीटीके रोधक गोळ्यांकडे आहे. बीटीके हे एन्झाइम बी पेशींतही असतं आणि मायक्रोग्लियांतही, आणि या गोळ्यांचे छोटे रेणू मेंदूत शिरू शकतात. इव्होब्रुटिनिब २०२३ मध्ये शेवटच्या टप्प्यात नापास झालं. टोलेब्रुटिनिब मात्र रिलॅप्स थांबलेल्या पण खालावत जाणाऱ्या रुग्णांत अपंगत्व वाढण्याचा धोका ३१ टक्क्यांनी कमी करताना दिसलं. २०२४ च्या त्या चाचणीआधी या गटाला देण्यासारखं फारसं काही नव्हतं. त्याच गोळीने रिलॅप्स कमी करण्यात मात्र जुन्या टेरिफ्लुनोमाइडवर मात केली नाही. एकाच आजारात दोन वेगळ्या प्रक्रिया चालतात, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. यकृताला इजा होण्याचा धोका ही या गोळीची गंभीर बाजू आहे. त्यात मृत्यूही झाला आहे.

दुसरी दिशा कार-टी पेशींची. रुग्णाच्याच टी पेशी काढून, त्यांना बी पेशी ओळखायला शिकवून परत सोडायच्या. त्या ऊतींत खोलवर, पाठीतल्या पाण्यातही पोचतात. एमएसच्या रुग्णांवर हा प्रयोग जर्मनीत सुरू झाला आणि तो अजून अगदी थोड्या लोकांपुरता आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने घडवलेली भारतीय कार-टी उपचारपद्धती २०२३ मध्ये मंजूर झाली, पण ती रक्ताच्या काही कर्करोगांसाठी. एमएससाठी ती आज मिळत नाही.

झिजलेलं मायलिन परत चढवण्याचे प्रयत्नही चालू आहेत. क्लेमास्टीन या अॅलर्जीच्या जुन्या औषधाने डोळ्याच्या नसेतला संदेश किंचित वेगवान झाला, असं ५० जणांच्या एका चाचणीत २०१७ मध्ये दिसलं. किंचितच. मेडिकलमधून आणून स्वतःच्या मनाने ते कुणीही घेऊ नये.

स्टेम सेल हा शब्द ऐकला की जपून. एमएसमध्ये ज्याला भक्कम पुरावा आहे ती पद्धत अशी: रुग्णाच्या स्वतःच्या रक्तजनक मूळ पेशी काढून साठवायच्या, जबर केमोथेरपीने जुनी प्रतिकारशक्ती पुसायची, मग साठवलेल्या पेशी परत द्यायच्या. २०१९ च्या चाचणीत ११० रुग्णांपैकी निम्म्यांना ही आणि निम्म्यांना नेहमीची औषधं दिली. आजार पुढे सरकलेल्यांचा आकडा ३ विरुद्ध ३४ होता. तरुण, सारखे रिलॅप्स येणाऱ्या निवडक रुग्णांसाठी, प्रत्यारोपण करणाऱ्या तयारीच्या केंद्रातच हे करतात. दिवसभरात पाठीत इंजेक्शन देऊन लाखो रुपये घेणारे दवाखाने जे विकतात ते हे नव्हे. अशा वापराला चाचणीबाहेर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत जागा नाही. घर गहाण टाकून तिकडे धावणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, कारण तोच पैसा सिद्ध झालेल्या उपचाराला पुरला असता.

तो उपचार पुण्यात मिळतो. रिटुक्सिमॅबची भारतीय आवृत्ती २००७ पासून उपलब्ध आहे आणि परदेशी औषधांच्या मानाने ती बरीच स्वस्त पडते. एमएससाठी तिला औपचारिक मंजुरी नसली तरी न्यूरॉलॉजिस्ट ती सर्रास वापरतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत एमएससाठी तिचा समावेश केला. सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे, कारण दबलेला विषाणू या औषधाने उसळतो. आपल्याकडे क्षयही तपासून घेतात. लागणाऱ्या लसी आधीच घ्याव्यात, बी पेशी गेल्यावर लस नीट लागू पडत नाही. मूल हवं असेल तर डोस कधी घ्यायचा हे आधीच ठरवावं. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, रिलॅप्स आपोआप कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत पुन्हा वाढतात.

आणि उपचार सुरू होण्याआधी एक रक्ततपासणी विसरू नये. अॅक्वापोरिन-४ या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं असतील तर तो एमएस नसून न्यूरोमायलायटिस ऑप्टिका असतो. डोळा आणि मज्जारज्जू तोही धरतो, म्हणून दोन्हींत गल्लत होते. तिथे बीटा इंटरफेरॉन किंवा फिंगोलिमॉड दिलं तर आजार बिघडतो. मॉग या मायलिनवरच्या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांचा आजारही असाच वेगळा. फाइलमध्ये हे दोन रिपोर्ट नसतील तर पुढच्या ओपीडीत डॉक्टरांना सरळ विचारावं. एमआरआयच्या सीडी जपून ठेवाव्यात, कारण नवा डाग जुन्या फिल्मशी ताडूनच कळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव स्वतंत्रपणे आहे, त्यामुळे निकषांत बसणाऱ्यांना सरकारी प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळू शकतं. मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडियाची पुण्यात शाखा आहे. हीच सगळी धावपळ आधी करून बसलेली माणसं तिथे भेटतात.